पाच रिकाम्या ओळी

मागच्या पावसाळ्यात आमच्या वाचनकट्ट्यावर एक साधा खेळ झाला. ज्यांच्या घरी आम्ही जमलो होतो त्या काकूंनी प्रत्येकाच्या हातात पाठकोऱ्या कागदाचा एक चिटोरा दिला आणि म्हणाल्या, "आठवतील ते पाच विज्ञानकथाकार लिहा. मराठी, इंग्रजी, कुठलेही चालतील. फोन बघायचा नाही." दोन मिनिटांत चिठ्ठ्या गोळा झाल्या. नारळीकर जवळपास सगळ्या चिठ्ठ्यांत होते. त्यांच्या खाली आसिमोव्ह, क्लार्क, ज्यूल व्हर्न. कुणाला बाळ फोंडके आठवले होते, कुणाला निरंजन घाटे, कुणाला लक्ष्मण लोंढे. सगळ्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचून झाल्या तरी कुणाला काही खटकलं नाही. मग काकूच म्हणाल्या, "बाईचं एकही नाव नाही." खोलीत निम्म्याहून जास्त बायका होत्या. त्यांतली एक मी, आणि माझ्या घरच्या कपाटात उर्सुला ले ग्विनची चार पुस्तकं होती.

ले ग्विन मी पुन्हा पुन्हा वाचली आहे, भाचीला वाचायला दिली आहे. तरीही हातात पेन्सिल आली तेव्हा आसिमोव्ह आधी आला, क्लार्क त्याच्या मागोमाग. ती मला कमी आवडते म्हणून असं झालं नाही. काही नावं ओठांवर बसलेली असतात आणि घाईच्या वेळी ओठांवरचंच कागदावर उतरतं. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहिणाऱ्या बायकांना पुरस्कारांत जागा मिळायची असेल, तर वाचकांनी त्यांची नावं मुद्दाम, उघडपणे आणि मुदत संपण्याआधी घेतली पाहिजेत, असं माझं मत त्या चिठ्ठीने पक्कं केलं.

ह्यूगो पुरस्काराची रीत पाहिली की हे स्पष्ट दिसतं. १९५३ साली फिलाडेल्फियाच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात हा पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला आणि आज या क्षेत्रातला तो सगळ्यांत मानाच्या पुरस्कारांपैकी एक आहे. त्याला परीक्षक मंडळ नाही. पैसे भरून संमेलनाचं सभासदत्व घेणारा कुणीही वाचक आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या लेखनातून नामांकनं करू शकतो. कादंबरी, लघुकादंबरी, लघुकथा अशा प्रत्येक विभागाखाली त्याच्यासमोर पाच रिकाम्या जागा असतात, अगदी काकूंच्या चिटोऱ्यासारख्या. ढोबळमानाने सगळ्यांत जास्त वाचकांनी लिहिलेली नावं अंतिम यादीत जातात आणि मग सभासद पसंतीक्रमाने मत देतात.

आता वर्षभरात इंग्रजीत किती कथा छापून येतात याचा विचार करा. कुठलाही एक माणूस त्यातल्या मूठभर वाचणार, आणि मतं पार विखुरणार. २०१३ साली तर लघुकथेच्या अंतिम यादीत तीनच कथा लागल्या, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे किमान ५ टक्के नामांकनपत्रांवर नाव असावं लागायचं आणि तेवढी मजल बाकी एकाही कथेने मारली नाही. त्या तिघांत अलिएट द बोदार आणि किज जॉन्सन या दोघी होत्या, पुरस्कार केन लिऊला मिळाला. मतं इतकी पांगत असतील तर थोड्याशा वाचकांना वेळेवर एखादी कथा आठवणं किंवा न आठवणं यानेही यादी बदलते. 'सर्वोत्तम कोण' हा प्रश्न पुढचा. त्याआधी 'कुणाकुणाला काय आठवलं' हा प्रश्न येऊन गेलेला असतो, आणि बायका गळतात त्या बहुतेक तिथेच.

१९५३ ते १९६७ या काळात ललित लेखनाचा एकही ह्यूगो बाईला मिळाला नाही. १९६८ साली अ‍ॅन मॅकॅफ्रीला लघुकादंबरीसाठी मिळाला, तोही विभागून. कादंबरीचा पुरस्कार बाईच्या हातात पडायला १९७० साल उजाडलं. ती उर्सुला ले ग्विन, आणि कादंबरी 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'. त्याआधी बायका लिहीत नव्हत्या, असं कुणी म्हणू नये. लेह ब्रॅकेट लिहीत होती. सी. एल. मूर लिहीत होती, पण नावाच्या जागी आद्याक्षरं होती. अ‍ॅलिस मेरी नॉर्टनने तर १९३४ साली कायदेशीररीत्या नाव बदलून 'आंद्रे' हे पुरुषी नाव घेतलं.

आणि मग अ‍ॅलिस शेल्डन. हिच्याविषयी जरा सविस्तर सांगितलंच पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात तिने अमेरिकी हवाई दलात टेहळणीच्या छायाचित्रांचं विश्लेषण केलं, पुढे काही वर्षं सीआयएमध्ये काढली आणि पन्नाशी उलटल्यावर मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्याच सुमारास ती विज्ञानकथा लिहू लागली. नाव हवं होतं. दुकानात मुरंब्याच्या बरणीवर 'टिपट्री' हे नाव दिसलं, त्याच्या आधी 'जेम्स' लागलं आणि नवऱ्याने मागे 'ज्युनियर' जोडलं. जेम्स टिपट्री ज्युनियर या नावाने कथा छापून येऊ लागल्या आणि विज्ञानकथेच्या जगात खळबळ उडाली. हा माणूस कुणाला भेटत नव्हता, फोनवर बोलत नव्हता, पत्रं मात्र भरभरून लिहीत होता. कुणीतरी शंका काढली की ही बाई तर नसेल? तेव्हा रॉबर्ट सिल्व्हरबर्ग या मोठ्या लेखकाने १९७५ साली टिपट्रीच्या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत ती शंका उडवून लावली. या लेखनात पुरुषीपणा असा काही मुरलेला आहे की तो नाकारताच येणार नाही, असा त्याचा निर्वाळा होता. १९७६च्या शेवटी टिपट्रीची आई वारली, मृत्यूवार्तेतल्या तपशिलांवरून एका वाचकाने धागा जुळवला आणि पुरुषीपणा मुरलेला तो लेखक साठी ओलांडलेली बाई निघाला. सिल्व्हरबर्गने आपली चूक मोकळ्या मनाने मान्य केली, हेही नोंदवायला हवं.

"बाई-पुरुष काय पाहता, फक्त गुणवत्ता पाहा," असं मला सांगितलं जातं तेव्हा मला ही प्रस्तावना आठवते. सिल्व्हरबर्ग कच्चा वाचक नव्हता. लेखन त्याच्यासमोर होतं आणि ते उत्तम आहे हे त्याने अचूक ओळखलं होतं. पण त्या उत्तमपणाला त्याच्या मनात आधीपासून पुरुषाचा चेहरा होता. गुणवत्ता पाहणारा डोळा कोऱ्या पाटीसारखा नसतो. त्याला कशाची सवय आहे यावर त्याला काय दिसतं हे ठरतं. बाईचा आवाज कसा असतो याची कल्पना आधीच पक्की असेल, तर तिच्या बाहेरचं जे काही ती लिहील ते पुरुषाच्या खात्यावर जमा होईल. आतलं लिहिलं तर 'बायकांपुरतं' ठरेल.

आपल्याकडे अशीच नाव लपवण्याची एक गोष्ट आहे, मात्र तिची दिशा उलटी आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. कथा जयंत नारळीकरांची होती. नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी करून घेतली होती, आणि अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून कथा मंगलाताईंकडून, म्हणजे पत्नीकडून, उतरवून घेतली होती. त्या स्वतः गणितज्ञ. हॉइल-नारळीकर सिद्धांतामुळे त्या वेळी नारळीकरांचं नाव घरोघरी पोचलं होतं आणि त्या नावाच्या वजनाने कौल झुकू नये एवढीच त्यांची इच्छा होती. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा फार मोठा वाटतो. शेल्डनने नाव लपवलं ते बरोबर दुसऱ्या कारणासाठी. बऱ्याच क्षेत्रांत 'पहिली बाई' होऊन ती थकली होती आणि पुरुषाचं नाव हा तिला चांगला आडोसा वाटला. एकाला आपल्या नावाचं वजन उतरवून ठेवायचं होतं. दुसरीला ठाऊक होतं की बाईचं नाव तराजूत पडलं की काटा हलतो, आणि हवा त्या बाजूला हलत नाही.

त्या 'कृष्णविवर'चं पुढे काय झालं हेही पाहण्यासारखं आहे. १९७५च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या दुर्गा भागवत. त्यांनी नारळीकरांच्या विज्ञानकथेची दखल घेतली. मुकुंदराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर' मासिकासाठी नारळीकरांकडे कथा मागितल्या. बघता बघता विज्ञानकथा ही मराठीत दखल घेण्याजोगी गोष्ट झाली. कथा चांगली होतीच. पण व्यासपीठावरून कुणीतरी नाव घेतलं आणि संपादकाने हात पुढे केला, तेव्हा ती वाचकांच्या ओठांवर बसली. याला तेव्हा कुणी वशिला म्हटलं नाही आणि म्हणायचं कारणही नव्हतं. मग लेखिकांसाठी तेच केलं की तो 'प्रचार' कसा काय होतो?

प्रचाराच्या आरोपाला नीट उत्तर द्यायला हवं, कारण ह्यूगोमध्ये खराखुरा प्रचार झालेला आहे. २०१३पासून अमेरिकेतल्या काही लेखकांनी 'सॅड पपीज' नावाची मोहीम चालवली. पुरस्कार विशिष्ट विचारांच्या लोकांनी बळकावले आहेत, अशी त्यांची तक्रार होती. २०१५ साली या मोहिमेने आणि तिच्या आणखी कडव्या जोडमोहिमेने तयार याद्या वाटल्या, त्यांच्या अनुयायांनी त्या भरल्या आणि कित्येक विभागांत अंतिम यादीतल्या सगळ्या जागा पटकावल्या. संतापलेल्या सभासदांनी ५ विभागांत 'कुणालाच पुरस्कार नाही' या पर्यायाला कौल दिला. काही लेखकांनी तर अशा रीतीने यादीत आलेलं आपलं नाव स्वतःहून मागे घेतलं. पुढे २०१७पासून नामांकनं मोजण्याची पद्धत बदलली.

मग शिफारस आणि ही गटबाजी यांत फरक काय? आपल्याला सहकारी संस्थांच्या निवडणुका माहीत आहेत, त्यामुळे हे समजायला जड जाऊ नये. पॅनेल तुमच्यासाठी सगळ्या जागा भरून देतं आणि शिक्का कुठे मारायचा ते सांगतं. उमेदवाराला ओळखत असा नाहीतर नसा. शिफारस करणारा म्हणतो, या वर्षी या पंधरा जणींनी हे लिहिलंय, मला यातलं हे का आवडलं ते सांगतो, तुम्ही वाचा आणि तुमच्या पाच ओळी तुम्ही भरा. पहिल्या रीतीत वाचनाची गरजच उरत नाही, दुसरी रीत वाचनाशिवाय पुढे सरकत नाही. शंभर वाचकांनी शंभर वेगवेगळ्या याद्या केल्या तर कुणाचीही जागा हिरावली जात नाही. फक्त नामांकनाचा कागद समोर येतो तेव्हा डोक्यात चारऐवजी चाळीस नावं असतात.

परीक्षक मंडळ असलेल्या पुरस्कारांतही पाणी मुरतं ते याच्या आसपासच. ब्रिटनचा आर्थर सी. क्लार्क पुरस्कार १९८७ साली सुरू झाला आणि पहिलाच मार्गारेट अ‍ॅटवुडच्या 'द हँडमेड्स टेल'ला मिळाला. याच पुरस्काराच्या २०१३च्या अंतिम यादीत सगळे पुरुष होते. गंमत अशी की परीक्षकांत बहुसंख्य बायका होत्या. परीक्षकांना दोष देऊन भागणार नाही. प्रकाशक जी पुस्तकं पाठवतात त्यांतूनच त्यांना निवड करायची असते, आणि त्या गठ्ठ्यात बायकांची पुस्तकं आधीच मोजकी होती. 'विज्ञानकथा' म्हणून बाईचं पुस्तक काढायला प्रकाशक कचरतो, काढलं तर मुखपृष्ठ वेगळ्या धाटणीचं करतो, दुकानदार ते दुसऱ्या फळीवर ठेवतो. परीक्षकापर्यंत गोष्ट पोचते तेव्हा बरंच ठरून गेलेलं असतं. लेखिका आणि समीक्षक जोआना रस हिने १९८३ साली बायकांचं लेखन दडपण्याच्या रीतींवर पुस्तकच लिहिलं, त्यातली एक रीत हीच आहे. तिने लिहिलं खरं, पण ते 'त्या' प्रकारात मोडत नाही, असं म्हणायचं.

"अहो, पण आता तर बायकाच जिंकतात," हा आक्षेप अलीकडचा. तो वस्तुस्थितीला धरून आहे. २०१६ ते २०२४ अशी सलग ९ वर्षं ह्यूगोचा कादंबरी पुरस्कार बायकांनीच नेला. त्यातली पहिली ३ वर्षं एकट्या एन. के. जेमिसिनची. लागोपाठ तीनदा हा पुरस्कार मिळवणारी ती पहिली लेखक आणि कादंबरीचा ह्यूगो मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय लेखकही. मला याचा मनापासून आनंद आहे. पण हे आपोआप झालेलं नाही. त्यामागे वाचकांनी वर्षानुवर्षं केलेल्या याद्या आहेत, जुन्या लेखिकांच्या विसरलेल्या पुस्तकांची परीक्षणं चिकाटीने जमवणारे लोक आहेत, मासिकांत कुणाची किती पुस्तकं परीक्षणाला घेतली जातात ते दर वर्षी मोजणारे आहेत. १९९१ साली पॅट मर्फी आणि कॅरन जॉय फाउलर या दोघींनी शेल्डनच्या टोपणनावाने एक नवा पुरस्कार सुरू केला, लिंगभावाचा नव्याने विचार करणाऱ्या विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठी. त्याचे पैसे कुठून आले? केक आणि बिस्किटं भाजून विकली, त्यातून. घरच्या भट्टीत भाजलेल्या केकवर उभा राहिलेला हा पुरस्कार २०१९पासून 'अदरवाइज' या नावाने दिला जातो.

शिवाय जिंकलेलंही विसरलं जातं. सत्तरच्या दशकात ले ग्विन, केट विल्हेम, व्होंडा मॅकिंटायर यांनी कादंबरीचे ह्यूगो मिळवले. त्यानंतर दहा वर्षंही गेली नाहीत तोच ते दशक विज्ञानकथेसाठी कसं निस्तेज होतं, असं लिहिलं जाऊ लागलं. आणि उघड मतदानाची पद्धतही राखावी लागते. २०२३ साली चीनमधल्या चेंगडूला झालेल्या संमेलनात आर. एफ. क्वांग या लेखिकेची 'बेबेल' ही गाजलेली कादंबरी ह्यूगोसाठी अपात्र ठरवली गेली. का, ते सांगितलं गेलं नाही. पुढच्या जानेवारीत नामांकनांचे आकडे बाहेर आले तेव्हा कुठे लोकांना कळलं. आकडे प्रसिद्ध करण्याचा नियम होता म्हणून कळलं.

या सगळ्यात आपण कुठे आहोत? आपला वारसा लहान नाही. बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही कथा १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये आली. तिच्यात बायकांच्या राज्यात सूर्याची उष्णता साठवून शत्रूला पळवून लावतात आणि ढगांतून पाणी काढून घेतात. ज्या ह्यूगो गर्न्सबॅकच्या नावाने पुरस्कार दिला जातो, त्याचं पहिलं विज्ञानकथा मासिक निघालं १९२६ साली. म्हणजे ही कथा त्याच्या २१ वर्षं आधीची. मराठीत काशीबाई कानिटकरांच्या 'पालखीचा गोंडा' या कादंबरीत एका संस्थानाचा कारभार बायकांच्या हाती येतो आणि त्या तो नव्याने घडवतात. अभ्यासक मीरा कोसंबी यांनी काशीबाईंना पुन्हा उजेडात आणलं नसतं, तर आज ही कादंबरी किती जणांच्या कानावर तरी असती? मराठी विज्ञानकथेच्या गप्पांत मी तिचं नाव कधीच ऐकलेलं नाही. कल्पित राज्यव्यवस्था रचून दाखवणं हा विज्ञानकथेचा जुना आणि मानाचा प्रकार आहे. मग काशीबाई या परंपरेच्या दारात उभ्या का, आत का नाहीत?

आजच्या लेखिकाही आहेत. माधुरी शानभाग, मेघश्री दळवी, स्मिता पोतनीस यांनी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या आहेत. काकूंच्या घरी यांतलं एकही नाव निघालं नाही, आणि आम्ही सगळे दिवाळी अंक वाचणारे. मराठी विज्ञानकथा बहुतेक दिवाळी अंकांतच जगते. अंक येतात, महिनाभर घरात फिरतात, मग रद्दीत जातात किंवा वाचनालयाच्या माळ्यावर. त्यांतल्या कथेचं पुस्तक झालं तर झालं. पुस्तक झालं तरी पुरस्कारासाठी प्रवेशिका भरायची, प्रती पाठवायच्या, मुदत सांभाळायची. हे कुणीतरी करावं लागतं. माझ्या ओळखीच्या एका लेखिकेला विचारलं तर म्हणाली, "स्वतःच स्वतःचं पुस्तक कसं पाठवायचं? बरं नाही दिसत." तिच्या प्रकाशकाला ते सुचलं नव्हतं आणि तिला लाज वाटत होती. परीक्षकांनी जे पुस्तक पाहिलंच नाही, त्यांनी ते डावललं असं तरी कसं म्हणणार?

म्हणून लेखिकेने स्वतःचं नाव पुढे करायची वेळच येऊ नये, असं मला वाटतं. ते काम आपलं, वाचकांचं. ज्या पुरस्कारांना वाचक किंवा संस्था पुस्तक सुचवू शकतात तिथे सुचवावं. जिथे प्रकाशकानेच पाठवायचं असतं तिथे प्रकाशकाला पत्र टाकावं, मुदतीची तारीख कळवावी. संपादकांना दोन ओळींचा अभिप्राय पाठवावा, त्यात लेखिकेचं आणि कथेचं नाव लिहावं. वाचनालयात पुस्तक मागावं, नसेल तर मागणी वहीत नोंदवावं. यातल्या कशालाही सत्ता लागत नाही की पैसा लागत नाही. आणि कथा आवडली नाही तर तसंही सांगावं. चांगल्या-वाईटाचा वाद घालण्याइतकी लेखिकांची कथा आपण गंभीरपणे घेतली, तरी पुष्कळ झालं.

पुढच्या महिन्यात कट्ट्यावर काकूंनी पुन्हा चिटोरे वाटायच्या ऐवजी प्रत्येकाला एक काम दिलं. आपल्याला आवडलेली, बाईने लिहिलेली एक विज्ञानकथा झेरॉक्स करून आणायची. कुणाला जुन्या अंकांच्या गठ्ठ्यात शोधावं लागलं, कुणी वाचनालयात दोन चकरा मारल्या. एक आजोबा 'सुलतानाज ड्रीम' घेऊन आले आणि अर्धा तास मोडक्यातोडक्या मराठीत भाषांतर करत वाचून दाखवली. मी या दिवाळीपासून एक वही केली आहे. कथा, लेखिका, अंक, पान क्रमांक, आणि शेवटच्या रकान्यात पुरस्काराच्या मुदतीची तारीख. पहिल्या पानावर सात नोंदी झाल्या आहेत.